घरी कोणती भाषा बोलता?

जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या धर्मग्रामाच्या शाळेच्या कचेरीबाहेर पालकांची रांग लागते. ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला जन्माचा दाखला प्रत्येकाच्या हाती असतो. लिपिक एकेक रकाना वाचतो, पालक उत्तर देतात. मुलाचे संपूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात, मातृभाषा. शाळेचा व्यवस्थापक या नात्याने शेवटी त्या अर्जावर माझी सही होते. अशा शेकडो अर्जांवर मी सह्या केल्या आहेत. पण खरे सांगायचे, तर ‘मातृभाषा’ या रकान्यापाशी माझी नजर कधी थांबली नव्हती.

काही वर्षांपूर्वी एका मुलीमुळे ती थांबली. तिचे आईवडील झारखंडातील गुमला जिल्ह्यातून वसईकडे कामासाठी आलेले. वडील इमारतींच्या बांधकामावर जात, आई चार घरची धुणीभांडी करी. रविवारी हे कुटुंब मिस्सेला येई आणि अगदी मागच्या बाकावर बसे. मुलीला पहिलीत घालताना आईने मातृभाषा ‘हिंदी’ सांगितली, लिपिकाने ती लिहून घेतली आणि मी सही केली. मुलगी वर्गात बोलेना. मराठी तिला येत नसणार, हे बाईंनी गृहीत धरले होते; म्हणून त्या तिच्याशी हिंदीत बोलत. तरीही ती गप्पच. दिवाळीपर्यंत वाट पाहून बाईंनी तिच्या नोंदीत लिहिले, ‘आकलन मंद’.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात छोटानागपूरकडच्या एक धर्मभगिनी आमच्याकडे पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी मुलीला जवळ घेऊन कुडुख भाषेत काहीतरी विचारले. मुलगी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग जी बोलू लागली, ती थांबेचना. घरची शेळी, आजी, पाऊस, गावची वाट, सारे एका दमात. मी तिच्या आईला विचारले, “बाई, तुम्ही हिंदी का सांगितलेत?” ती खाली मान घालून म्हणाली, “फादर, गाँव की भाषा बोलते, तो नाम नहीं लिखते।”

बाईंची ती नोंद खोडण्यात आली. परंतु दोष बाईंचा नव्हता. रकाना भरला गेला होता, पण प्रश्न विचारला गेला नव्हता. आणि त्याखाली सही माझी होती. शाळा कुटुंबाला हा प्रश्न का विचारते, तो कधीपासून विचारू लागली आणि त्या उत्तराचे पुढे काय होते, याचा शोध मी त्यानंतर घेऊ लागलो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावे, असे वाटले.

नोंदवहीची जुनी ओळख

माणसांची नोंद ठेवणे हे धर्मगुरूला नवे नाही. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाविषयीचा आदेश काढला, तेव्हाच धर्मगुरूने विवाहांची नोंदवही ठेवावी, असे बजावले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने या नोंदवह्यांचे नमुनेच घालून दिले. त्यांत स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या जोडीला आणखी एक वही होती. धर्मगुरूने घरोघर जावे, कुटुंबात कोण कोण आहे, कोणाचे कोणते संस्कार झाले आहेत, हे टिपून ठेवावे, अशी तिची योजना. आजही धर्मग्रामाची कुटुंबपत्रिका आपण भरतो, ती याच वहीची नात म्हणता येईल.

या वहीमागचा हेतू सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. ज्याची काळजी वाहायची, त्याची ओळख हवी. पण कोणतीही नोंद तिच्या पहिल्या हेतूला चिकटून राहतेच, असे नाही. वही तीच, रकाने तेच. वाचणारा बदलला, की अर्थ बदलतो. शाळेच्या रजिस्टराचा इतिहासही असाच दुहेरी आहे.

भाषा हाच संशय

‘घरी कोणती भाषा बोलता?’ हा प्रश्न ज्या देशात न्यायालयापर्यंत गेला आणि ज्याच्या प्रत्येक वळणाची तारीख सापडते, तो देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. म्हणून या कथेचा मोठा भाग तिथला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या देशात जर्मन भाषेविषयी द्वेष उसळला. नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा केला, की आठवी इयत्ता पार करण्यापूर्वी कोणत्याही मुलाला परकी भाषा शिकवू नये. रॉबर्ट मायर हे एका ल्युथरन धर्मग्रामाच्या शाळेतील शिक्षक. १९२० साली ते दहा वर्षांच्या एका मुलाकडून जर्मन भाषेत बायबलमधील कथा वाचून घेत होते. या अपराधाबद्दल त्यांना २५ डॉलर दंड झाला. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. त्यानंतर दोनच वर्षांनी ऑरेगन राज्यातील धर्मभगिनींच्या एका संघाने असाच लढा जिंकला. सर्व मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे, असा त्या राज्याचा कायदा होता. मूल ही राज्याची मालमत्ता नव्हे, या भूमिकेवर न्यायालयाने तो १९२५ साली मोडीत काढला. आपल्या शाळांचा इतिहास लिहिताना या निकालाची आठवण ठेवायला हवी.

हे दोन्ही निकाल कुटुंबाच्या बाजूचे होते. परंतु ते राज्याला फक्त ‘आड येऊ नका’ एवढेच सांगत होते. घरात दुसरी भाषा बोलणारे मूल सरकारी शाळेत आले, तर शाळेने त्याच्यासाठी काही करावे, असे त्यांत नव्हते. मूल वर्गात बसले, पुस्तक हाती दिले, की शाळेचे कर्तव्य संपले, हीच समजूत पुढे पन्नास वर्षे टिकली.

त्या समजुतीची किंमत मुलांनी कशी मोजली, याचे एक उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. तिथे घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेत आणि कमी गुण मिळाले, की त्यांना मतिमंद मुलांच्या वर्गात बसवत. अशा नऊ मुलांच्या वतीने खटला दाखल झाला. त्यांची पुन्हा स्पॅनिशमधून चाचणी घेतली, तेव्हा बहुतेकांचे गुण त्या मर्यादेच्या वर गेले. १९७० साली तडजोड होऊन राज्याने मान्य केले, की यापुढे मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतही घेतली जाईल. हे वाचताना आमच्या शाळेतील ‘आकलन मंद’ हे दोन शब्द माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले, हे सांगायला नकोच.

सॅन फ्रान्सिस्कोची मुले

सॅन फ्रान्सिस्को शहरातील चिनी वस्ती जुनी. तिथल्या मुलांनी शाळेचे दार ठोठावण्याचा इतिहासही जुना. मेमी टेप या मुलीला केवळ चिनी वंशाची म्हणून शाळेने परत पाठवले, तेव्हा तिच्या आईवडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि १८८५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. त्यावर राज्याने चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढण्याची सोय कायद्यातच करून घेतली. दार उघडले, पण ते वेगळ्या खोलीचे.

पुढे काळ बदलला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने असा नियम केला, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला वंश, वर्ण वा मूळ देश यांवरून भेदभाव करता येणार नाही. १९६८ साली द्विभाषिक शिक्षणाचा कायदा झाला. २५ मे १९७० रोजी केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाने शाळांना एक परिपत्रक धाडले. ज्या मुलांना इंग्रजी येत नाही, त्यांची अडचण दूर करण्यासाठी शाळेने स्वतः पावले उचलावीत. इंग्रजी येत नाही एवढ्यावरून त्यांना मतिमंदांच्या वर्गात टाकू नये. आणि पालकांना शाळेच्या सूचना त्यांना समजेल अशा भाषेत द्याव्यात, असे त्यात म्हटले होते.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत किन्नी किनमॉन लाउ या लहान मुलाच्या आणि इतर चिनी मुलांच्या वतीने खटला उभा राहिला. इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी मुले शहराच्या शाळांत होती. त्यांपैकी सुमारे १,००० मुलांना इंग्रजीचे जादा शिक्षण मिळत होते. उरलेली सुमारे १,८०० मुले न कळणाऱ्या भाषेत रोजचे तास ऐकत बसत. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्यांची बाजू फेटाळली. सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम मिळतो आहे, मग भेदभाव कुठे झाला, असा तो युक्तिवाद होता.

२१ जानेवारी १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा युक्तिवाद नाकारला. निकाल न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिला. ज्याला शिकवण्याची भाषाच कळत नाही, त्याला इतरांसारखेच पुस्तक दिले म्हणून समान वागणूक दिली, असे होत नाही. त्याच्यापुरते शिक्षणाचे दार बंदच राहते, हे त्या निकालाचे सार.

या निकालाला न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी एक पुरवणी जोडली. निकाल त्यांना मान्य होता. पण त्यांच्या मते इथे संख्येला महत्त्व होते. प्रश्न १,८०० मुलांचा आहे म्हणून ते या निकालाशी सहमत होते. उद्या जर्मन, पोलिश वा स्पॅनिश बोलणाऱ्या मोजक्या किंवा एकट्याच मुलाचा प्रश्न पुढे आला, तर हाच निकाल लागू होईल, असे धरून चालू नये, असे त्यांनी लिहिले.

कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे समजू शकते. शाळेपाशी शिक्षक मोजके असतात आणि पैसा त्याहून मोजका. परंतु आमच्या शाळेत कुडुख बोलणारी मुलगी एकटीच होती. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. न्यायालयाचा हिशेब आणि मेंढपाळाचा हिशेब यांत जे अंतर आहे, ते भरून काढण्याचे काम शाळा चालवणाऱ्यांचे आहे, असे मला वाटते.

तीन प्रश्नांचा कागद

निकाल लागला, पण अशी मुले ओळखायची कशी? चेहऱ्यावरून भाषा कळत नाही आणि आडनावावरूनही कळत नाही. १९७५ साली केंद्राने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मुलाची ओळख तीन गोष्टींवरून करावी, असे सांगितले होते. मूल सर्वांत आधी कोणती भाषा शिकले? मूल स्वतः बहुतेक वेळा कोणती भाषा बोलते? घरात बहुतेक वेळा कोणती भाषा बोलली जाते? प्रवेशाच्या वेळी पालकांनी भरायचा घरच्या भाषेचा जो कागद पुढे अमेरिकेतील शाळांत रूढ झाला, त्याचे मूळ या तीन प्रश्नांत आहे.

हा कागद निकाल देत नाही, तो फक्त खूण करतो. एखाद्या उत्तरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आली, तर मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात. चाचणीत कमी पडले, तरच त्याला जादा मदतीच्या वर्गात घेतात, पालकांना तसे कळवतात आणि दरवर्षी प्रगती तपासतात. मुलाला वेगळी मदत नको असेल, तर पालक तसे सांगू शकतात. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्याने प्रत्येक राज्यात ही पद्धत एकसारखी असावी आणि प्रवेशापासून ३० दिवसांच्या आत अशा मुलाची तपासणी व्हावी, असे ठरवून दिले.

तीन साधे प्रश्न. पण त्यांत खाचाखोचा पुष्कळ. आजी नातवाशी चिनी बोलते आणि आईबाप इंग्रजी बोलतात, तर घरची भाषा कोणती? मूल दोन भाषा बरोबरच शिकले, तर आधीची कोणती? आपल्या मुलाला कमी लेखतील, या भीतीने पालक ‘फक्त इंग्रजी’ असे लिहून मोकळे होतात. मग मदतीची गरज असलेले मूल निसटते. उलट, उत्तम इंग्रजी बोलणारे मूल केवळ आजीमुळे चाचणीला बसते. आणि ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांच्या हाती इंग्रजीतला छापील कागद दिला, तर तो कागद कोरा येतो किंवा शेजाऱ्याने भरलेला येतो. म्हणून जिथे जाणते लोक आहेत, तिथे पालकाच्या भाषेत कागद छापतात, दुभाष्या बसवतात आणि आधी सांगतात, की ही माहिती तुमच्या मुलाला शिकवण्यासाठी हवी आहे. दुसऱ्या कशासाठी नाही.

याच १९७४ साली अमेरिकेत आणखी एक कायदा झाला. शाळेने आपल्या मुलाविषयी काय लिहून ठेवले आहे, ते पाहण्याचा आणि चुकीचे असेल तर दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्याने पालकांना दिला. शिवाय काही अपवाद वगळता त्यांच्या संमतीवाचून ती माहिती इतरांना देण्यास शाळांना अटकाव केला. शाळेने विचारावे आणि शाळेने जपावे, या दोन गोष्टी एकाच वर्षी कायद्यात याव्यात, हे मला सूचक वाटते.

नुसते विचारल्याने रिकामे झालेले बाक

आता या कथेची दुसरी बाजू. टेक्सास राज्याने १९७५ साली असा कायदा केला, की ज्या मुलांपाशी देशात राहण्याचा परवाना नाही, त्यांना शाळांनी फुकट शिकवण्याची गरज नाही. टायलर नावाच्या गावातील शाळामंडळाने अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. शेतावर आणि कारखान्यांत राबणाऱ्या आईबापांना ती परवडणे शक्यच नव्हते. १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. आईबापांनी सीमा ओलांडली, तिची शिक्षा मुलांना देता येणार नाही, असे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालाचे तात्पर्य.

मुलाला शाळेबाहेर ठेवता येत नाही, हे ठरले. मग २०११ साली अलाबामा राज्याने दुसरी वाट शोधली. मुलाला प्रवेश द्यावा. फक्त नव्याने नाव घालताना त्याचा जन्म कुठे झाला आणि देशात राहण्याचा त्याचा हक्क काय, एवढे शाळेने विचारून ठेवावे. कोणालाही काढून टाकायचे नव्हते. सप्टेंबरअखेर कायदा लागू झाला आणि ऑक्टोबरच्या आरंभी एकाच दिवशी स्पॅनिश भाषक कुटुंबांतील २,०००हून अधिक मुले त्या राज्यातील शाळांत गैरहजर होती. काही दिवसांतच वरिष्ठ न्यायालयाने या कलमाला स्थगिती दिली आणि २०१२ साली ते रद्द ठरवले. या कायद्याविरुद्ध अलाबामातील कॅथलिक धर्माध्यक्षांनी एपिस्कोपल आणि मेथडिस्ट पंथांच्या धर्माध्यक्षांसह न्यायालयात धाव घेतली होती, हे नोंदवण्याजोगे आहे.

तिथल्या एखाद्या आईने कागदावरचा तो प्रश्न वाचून मुलाचा डबा भरलाच नसेल, दप्तर खुंटीवरच राहिले असेल. कायद्याने बाहेर ठेवता आले नाही, ते एका प्रश्नाने साधले.

इंग्लंडमधील घटना याहून शिकवणारी आहे. तिथे शाळांची ठराविक काळाने गणती होते आणि मुलाची पहिली भाषा कोणती, याची नोंद पूर्वीपासून होत असे. २०१६ च्या शरदातील गणतीपासून त्यात तीन नव्या गोष्टी आल्या: मुलाचे राष्ट्रीयत्व, जन्मदेश, आणि घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी कितपत येते याची श्रेणी. पालकांना उत्तर नाकारण्याची मुभा होती. पण ती अनेकांना सांगितलीच गेली नाही आणि काही शाळांनी तर पारपत्रे मागितली. पुढे उघड झाले, की २०१५ मध्येच शिक्षण खाते आणि गृह खाते यांच्यात करार झाला होता आणि त्यानुसार महिन्याला १,५०० पर्यंत मुलांचा तपशील गृह खात्याला देता येणार होता. पालक आणि शिक्षक यांनी मोहीम उभारली, पुष्कळांनी ते रकाने कोरे ठेवले. अखेर २०१८ साली सरकारने राष्ट्रीयत्व आणि जन्मदेश विचारणे थांबवले.

पण त्याच सुमारास इंग्रजी कितपत येते, ही श्रेणी कळवण्याची सक्तीही संपली. तो एक प्रश्न मुलाच्या खऱ्या उपयोगाचा होता. कोणाला किती मदत लागेल, हे त्यावरून शिक्षकाला कळत होते. संशयाच्या प्रश्नांबरोबर काळजीचा प्रश्नही वाहून गेला. एकदा विश्वास गेला, की चांगल्या हेतूने विचारणाऱ्याचेही कोणी ऐकत नाही.

आपल्या रजिस्टरातील रकाना

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या देशात घरच्या बोलीची विचारपूस मोठ्या प्रमाणावर झाली, ती जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात. प्रत्येक बोलीचा नमुना मिळावा म्हणून त्यांनी एकच मजकूर ठिकठिकाणच्या लोकांकडून त्यांच्या बोलीत उतरवून घेतला. तो मजकूर म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची कथा. मराठीचा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. दूर गेलेला मुलगा घरी परत येतो, तेव्हा बाप त्याला कोणत्या शब्दांनी हाक मारतो, हे शेकडो बोलींत त्या खंडांतून वाचायला मिळते.

पुढे राज्यघटनेत १९५६ साली ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले. पण घरची भाषा कोणती, हे कळण्याचा मार्ग काय? २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ निरनिराळी नावे सांगितली. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि शेवटी त्या १२१ भाषांखाली लावल्या गेल्या. देशाच्या गणतीत अशी जुळवाजुळव करावीच लागते. परंतु पहिलीच्या वर्गात बसलेले मूल त्या १२१ नावांपैकी एखाद्या नावात बोलत नसते. ते आपल्या आईच्या शब्दांत बोलत असते.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. आमच्या घरी सामवेदी बोलली जाई. शाळेत नाव घालताना मास्तरांनी मातृभाषा विचारली, तेव्हा वडील जरा गोंधळले. मास्तरांनी त्यांची अडचण ओळखून ‘मराठी’ असे लिहून टाकले. ते चूक होते, असे मी म्हणणार नाही. आमची बोली मराठीचीच लेक. पण पहिली दोन वर्षे माझ्या तोंडून घरचा शब्द निसटला, की वर्ग हसे, आणि मी वर्गात कमी बोलू लागलो, हेही खरे. पुढे सेमिनरीत लॅटिन शिकताना मला जेवढे परके वाटले नाही, तेवढे त्या वर्गात वाटत असे. आपल्या वाचकांपैकी अनेकांचा, मग ते वाडवळी बोलत असोत वा सामवेदी, थोडाफार हाच अनुभव असेल.

आपल्या शाळांच्या रजिस्टरातील इतर रकाने दूरवर प्रवास करतात. धर्म आणि जात यांची नोंद दाखल्यावर उतरते आणि तीत एका अक्षराची चूक झाली, तर माणसे वीस वर्षांनी धापा टाकत शाळेत येतात. मातृभाषेचा रकाना मात्र बहुधा वर्गातल्या बाईंपर्यंतही पोहोचत नाही. वाईट हेतूने प्रश्न विचारणे हा एक दोष. कोणताच हेतू मनात नसताना विचारणे हा दुसरा, आणि तो आपला आहे.

आता तर रजिस्टराच्या जोडीला संगणक आला आहे. मुलांचा तपशील देशाच्या शिक्षण खात्याच्या प्रणालीत भरला जातो आणि २०२३ पासून विद्यार्थ्यांसाठी ‘अपार’ हा बारा अंकी क्रमांक आला आहे. त्यासाठी पालकांचे संमतिपत्र घेतात. आमच्या शाळेत मी पाहिले, की पालक सही करतात, पण कशावर सही केली, हे क्वचितच विचारतात. शाळा मागते आहे, म्हणजे द्यायलाच हवे, अशी त्यांची श्रद्धा. ही श्रद्धा आपल्यावर मोठी जबाबदारी टाकते. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिले. पण संमती म्हणजे अंगठा उठवणे नव्हे. का विचारतो, कोण वाचणार, नाही म्हटले तर काय होईल, हे पालकाला त्याच्या भाषेत सांगितल्यावर तो जे बोलेल, ती संमती.

आमच्या शाळेत आम्ही लहानसा बदल केला आहे. प्रवेशाच्या वेळी एक शिक्षिका पालकांना बाजूला बसवून तोंडी विचारते: मूल पहिले शब्द कोणत्या भाषेत बोलले, आजी त्याच्याशी काय बोलते, ते झोपेत काय बडबडते. आधी हेही सांगते, की काहीही उत्तर दिले, तरी नाव लिहिले जाईलच. ते उत्तर एका वेगळ्या वहीत जाते. ती वही वर्गशिक्षिकेकडे असते. दाखल्यावर किंवा अन्य कुठे त्यातले काही जात नाही. गेल्या जूनमध्ये त्या वहीत नऊ भाषांची नावे आली. इतकी वर्षे आमचे रजिस्टर दोन-तीनच भाषा सांगत होते.

ती गुमल्याची मुलगी आता सातवीत आहे आणि मराठीत निबंध लिहिते. यंदा प्रवेशाच्या दिवशी तिची आई धाकट्याला घेऊन आली. शिक्षिकेने विचारले, “घरी कोणती भाषा बोलता?” आईने एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, “कुडुख.” शिक्षिकेने तिला तो शब्द पुन्हा एकदा म्हणायला लावला आणि नीट ऐकून लिहून घेतला.